डोंग्याची गळती
वर्धा नदीकाठी भोई-ढिवरांचा लाकडी डोंगा उन्हाळ्यात कोरड्यावर पडून राहिला, की लाकूड आकसते आणि फळ्यांचे सांधे उघडतात. लगेच भेगा बुजवणे ही घाईच. आधी डोंगा पाण्यात भिजू द्यावा. लाकूड फुगले की बरीचशी गळती आपोआप थांबते. उरलेली शोधायला उलटी रीत बरी: डोंगा ओंडक्यांवर चढवून आतच थोडे पाणी ओतावे आणि बाहेरून थेंब धरेल तिथे कोळशाने खूण करावी. अनेकदा ओल खिळ्याभोवतीच दिसते. वरचे लाकूड सुकल्यावर सांध्यात कापसाचा पीळ बोथट छिन्नीने ठोकावा (कापूस तर या भागात घरचाच), वर गरम डांबर. पीळ फार घट्ट बसला, तर फुगलेली फळी खिळ्यांतून सुटते. कुजलेली फळी मात्र बदलावीच लागते.