बिऱ्हाड आणि मुका सोबती

नोकरीनिमित्त नागपुरास आल्यावर आम्ही लकडगंजात बिऱ्हाड पाहू लागलो. आमचा पगार, आहार, घरातील माणसे, सर्व पसंत पडे. पण "कुत्रा आहे" म्हणताच घरमालकांची चर्या पालटे.

"त्यास गावी सोडा," असा सल्लाही मिळाला. अकरा वर्षे आमचे दार राखणाऱ्या जिवास म्हातारपणी कसे टाकावे? श्वानावाचून स्वर्गही नाकारणाऱ्या धर्मराजाची कथा आपण मुलांस सांगतोच ना!

१९७६ च्या घटनादुरुस्तीने भूतदया हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीस कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी भाड्याचे घर अखेर मालकाच्या मर्जीचेच.

लाकडाच्या वखारीमागील एका वृद्ध बाईंनी मात्र एवढेच विचारले, "रात्री भुंकतो का?"

"परका दिसला तर."

"मग उद्याच सामान आणा."

वखारीशेजारी राहणाऱ्यास राखणदाराची किंमत निराळी सांगावी लागत नाही.