मूळ चेक बघायचाय

पाण्याची टाकी धुणाऱ्या ठेकेदाराला आमच्या सोसायटीने आठ हजारांचा चेक दिला होता. खात्यातून गेले अठ्ठेचाळीस हजार. खजिनदार मी, त्यामुळे बँकेत खेटे घालणं ओघानेच आलं.

"मूळ चेक बघायचाय," मी काउंटरवर म्हटलं.

"तो आमच्याकडे येतच नाही, काका," म्हणत तिथल्या मुलीने एक छापील प्रत पुढे केली. आकड्यातला चार कडेला चिकटलेला, अक्षरी रकमेतलं 'फॉर्टी' दाटीवाटीने बसवलेलं. पण शाई? सगळीच करडी.

सीटीएस पद्धत दिल्लीत २००८ मध्ये आली, मुंबईत २०१३ मध्ये. चेक जिथे भरला तिथेच थांबतो, आपल्या बँकेत पोचते फक्त त्याची प्रतिमा. ऑक्टोबर २०२५पासून तर भरल्या दिवशीच चेक वटू लागले. वेगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला हवा होता तो कागद.

तो मिळतो, हे मॅनेजरनेच सांगितलं. भरणा घेणाऱ्या बँकेला चेक दहा वर्षं जपून ठेवावा लागतो, आपण आपल्या बँकेमार्फत मागायचा. मी लेखी अर्ज दिला, पोलिसांतही तक्रार नोंदवली. मोठ्या चेकचा तपशील आधी बँकेला कळवायची पॉझिटिव्ह पे नावाची सोय आहे, पण ती पन्नास हजारांपासून पुढे. भामट्याला हे पक्कं ठाऊक असणार!

दरम्यान वकील शेजाऱ्यांनी चेकविषयक कायद्याचं कलम ८९ दाखवलं. खाडाखोड दिसत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर बँक मोकळी. आता दिसत नसेल म्हणजे कशावर, कागदावर की फोटोवर? माझ्या मते कागदावर. कारण प्रतिमा मुळाबरहुकूम असल्याची पाठवणाऱ्याकडून खात्री करून घ्या, असंही तेच कलम बँकेला बजावतं.

अखेर चेक आला. मॅनेजरच्या टेबलावर आम्ही दोघं वाकून बघत होतो. आमच्या सेक्रेटरींचं अक्षर निळ्या शाईत, 'फॉर्टी' आणि चार काळ्या.

"हे त्या बँकेनेच बघायला हवं होतं," मॅनेजर म्हणाले.

"तेवढं लिहून द्या."

त्यांनी वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटलं. सध्या दोन्ही बँकांचा पत्रव्यवहार चालू आहे. पैसे अजून यायचेत. मूळ चेक मागवल्याचं शुल्क मात्र जीएसटीसकट खात्यातून वळतं झालंय.