भ्यालेल्या जिवाची झोप

भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले, तर त्याची भीती बळावते, असा समज आपल्या गावाकडे आहे आणि इथेही आहे. ४ जुलैच्या रात्री हर्नडनच्या आकाशात शोभेचे दारूकाम झाले आणि आमचा मोती पलंगाखाली शिरला. पुढे कित्येक रात्री तो झोपेत दचके, विव्हळे आणि पहाटेपर्यंत दाराशी बसून राही.

पशुवैद्यांनी आमचा संभ्रम दूर केला. भीती ही भावना आहे, खोडी नव्हे; ती मायेने वाढत नाही. झोपेत दचकलेल्या कुत्र्याला हात लावू नये, दुरूनच हळू हाक मारावी, म्हणजे तो घाबरून चावत नाही. आम्ही त्याचे अंथरूण खिडकीपासून दूर हलवले, पंखा चालू ठेवला, जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा पक्क्या केल्या आणि पाळीपाळीने त्याच्याजवळ जमिनीवर निजलो. महिन्याभराने तो रात्रभर झोपू लागला. पुढच्या जुलैत त्याला अंधारापूर्वीच फिरवून आणू. गरज पडल्यास औषधही आधीच विचारून ठेवू.

दिवाळीत आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना एवढीही सोय नसते. त्या रात्री जिन्याखाली आसरा आणि पाण्याचे भांडे मिळाले, तरी त्यांना पुष्कळ होईल.