बदकाची चाल आणि आमचे कॉलेज

"वार्तापत्रासाठी माजी विद्यार्थी म्हणून काहीतरी लिहून द्या," असा शाळेतून निरोप आला, तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. माजी विद्यार्थी म्हणून लिहायचे ते ज्यांनी काही नाव कमावले त्यांनी. आम्ही ३१ वर्षे बँकेत लोकांचे पैसे मोजले, त्यावर काय लिहायचे? पण निरोप आणणाऱ्या बाईंनीच वाट दाखवली. "तुम्ही आता पुन्हा कॉलेजात जाता ना, त्याबद्दल लिहा. मुलांना मजा वाटेल." तर बालमित्रांनो, तुमच्या मजेसाठी आणि तुमच्या आईवडिलांनी थोडा विचार करावा म्हणून ही हकीकत.

गोष्ट खरी आहे. २०२३ साली आम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ५५व्या वर्षी, गावातल्याच एका कॉलेजात डिजिटल कला आणि ॲनिमेशनच्या पदविकेला नाव घातले. पहिल्याच दिवशी फाटकावर चौकीदाराने अडवले. "अंकल, पेरेंट्स मीटिंग शनिवार को है." आम्ही ओळखपत्र काढून दाखवले. त्याने आधी फोटो पाहिला, मग आम्हाला पाहिले आणि एकदम उभे राहून सलाम ठोकला. बहुधा तपासणीला आलेले कुणी साहेब वाटलो असू.

हा नाद मात्र जुना, आणि त्याची सुरुवात आपल्याच शाळेत झाली. सातवीत असताना गणिताच्या वहीच्या कोपऱ्यांत आम्ही एक उंदीर काढला होता. प्रत्येक पानावर किंचित पुढे सरकलेला. अंगठ्याने पाने भराभर सोडली की उंदीर पळत जाऊन बिळात शिरे. गुरुजींनी वही पकडली. आता छडी, असे समजून आम्ही हात पुढे केला. गुरुजींनी दोनदा पाने सोडून पाहिली आणि विचारले, "किती पानं आहेत?" "४०." "आणि उंदीर बिळात जायला किती सेकंद?" "चार." "मग एका सेकंदाला किती पानं? फळ्यावर भागाकार कर." उत्तर दहा आले. "चित्र चांगलं आहे," गुरुजी म्हणाले, "पण वही गणिताची आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुने, अर्धे कोरे हजेरीपुस्तक आणून आमच्या हातात ठेवले. त्या पुस्तकात पुढे उंदराचे सगळे खानदान पळाले.

त्याच सुमारास दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' लागे. १९७४ सालचा हा छोटा चित्रपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि भीमसेन यांनी त्याची चित्रे हलती केली. तो लागला की आम्ही जेवण टाकून पळायचो. पण शाळा संपल्यावर चित्रकलेचे नाव काढले, तेव्हा वडील म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतं का रे?" वडिलांना दोष देत नाही. घरात खाणारी तोंडे सात होती आणि पगार एक. आम्ही बँकेत लागलो. हजेरीपुस्तक ट्रंकेत गेले.

आता ॲनिमेशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. ॲनिमेशनवाले पुष्कळदा एकच चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. गुरुजींचे दहा काही फार दूर नव्हते! दीड मिनिटाचा चित्रपट करायचा तर ९० गुणिले १२, म्हणजे १०८० चित्रे. त्यांतली मुख्य मुख्य चित्रे आधी काढायची, मग मधली भरायची. चेंडू वर असतानाचे एक, जमिनीला टेकतानाचे एक, आणि मग त्यांच्या मधली. सोपे वाटते ना? आम्हालाही वाटले होते.

पहिली अडचण हाताची. पूर्वी कागदावर हात जिथे, तिथेच डोळे. इथे हात खाली पाटीवर आणि डोळे वर पडद्यावर. त्यात आमचा दोन भिंगांचा चष्मा. पेन उजवीकडे न्यावे तर रेघ भलतीकडे. वर्गातली १९-२० वर्षांची मुले गप्पा मारता मारता चित्र पुरे करत, आणि आम्ही घाम पुसत बसत असू. त्यांना 'कंट्रोल झेड'ची सवय. चुकले की कळ दाबायची, रेघ गायब. आमची सवय खातेवहीची. खाडाखोड केली की शेजारी सही! त्यामुळे चुकायच्या भीतीने आमची रेघ थरथरायची.

दुसरी अडचण पैशाची. निवृत्तीच्या पैशातून गच्चीची गळती बंद करायची, असे घरात ठरले होते. आम्ही त्यातून संगणक आणि ती पाटी घेतली. सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, आधी गच्ची करून घेतली असती, मग चित्रं हलवत बसला असता." आम्ही निरुत्तर.

आणि पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही नापास झालो. उसळता चेंडू करायचा होता. तीन दिवस काम केले, शेवटच्या रात्री वीज गेली आणि सगळे काम नाहीसे झाले. बँकेत ३१ वर्षे हिशेब जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठलो नाही, आणि इथे 'सेव्ह' करायचे विसरलो! सकाळी घाईघाईने जो चेंडू करून दिला, तो पाहून सर म्हणाले, "अंकल, ये गेंद नहीं, पत्थर है." सर २९ वर्षांचे. बोलणे कडू होते, पण खोटे नव्हते.

त्या रात्री आम्ही कॉलेज सोडायचे जवळजवळ ठरवले. हसू झाले तर आपलेच होईल, पण पैसे सगळ्या घराचे गेले, हे मनाला लागले होते.

अशा वेळी दादासाहेब फाळके आठवले. चित्रपट शिकायला ते १९१२ साली लंडनला गेले, तेव्हा त्यांचे वय ४१ होते. घरी मुलेबाळे, हातात पैसा नाही, विम्याची पॉलिसी गहाण ठेवलेली. त्याआधी डोळ्यांवर इतका ताण दिला होता की काही काळ दिसेनासे झाले होते. त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट केला. कुंडीतल्या रोपाची थोडी थोडी चित्रे दिवसेंदिवस घेतली आणि पडद्यावर रोप बघता बघता वाढू लागले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला हे सर्वांना ठाऊक असते. पण १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, हे थोड्यांना ठाऊक असते. काड्यापेटीतल्या काड्या जरा जरा हलवून एकेक चित्र घ्यायचे आणि पडद्यावर त्या काड्या आपोआप हलताना दिसायच्या. आपल्या देशातल्या ॲनिमेशनची सुरुवात सांगताना या काड्यांचे नाव निघतेच. आम्ही म्हटले, त्यांच्याकडे काड्या होत्या, आपल्याकडे संगणक आहे. निदान फेरपरीक्षा तरी द्यावी.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला आणि गच्ची गळू लागली. सौ.नी न बोलता बादली आणून ठेवली. ते न बोलणेच जास्त लागले. रात्री झोप येईना, म्हणून आम्ही ते ठिबकणे बघत बसलो. छताला थेंब धरतो, फुगतो, खाली ओढला जातो, क्षणभर लोंबतो आणि मग एकदम सुटतो. बादलीत पडताच चपटा होतो, आजूबाजूला पाणी उडते. सुरुवातीला सावकाश, मग वेगाने. आमच्या चेंडूचा दगड का झाला होता, ते तेव्हा कळले. आम्ही त्याला सगळीकडे एकाच वेगाने नेले होते आणि जमिनीवर दबू दिले नव्हते. सर वर्गात हेच सांगत होते, पण आमच्या डोक्यात शिरले ते त्या रात्री. दुसऱ्या दिवसापासून ४० वेळा तो थेंब काढला. फेब्रुवारीत पास झालो. सौ. म्हणाल्या, "म्हणजे गच्ची आता करायचीच नाही की काय?" (केली हो, मे महिन्यात केली.)

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा दीड मिनिटाचा चित्रपट करायचा होता. आपल्या किल्ल्यावर मानमंदिर आहे. राजा मानसिंह तोमर यांच्या काळातले, म्हणजे १४८६ ते १५१६ मधले. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशीत पिवळी बदके ओळीने बसवली आहेत. सहलीला तुम्ही सगळे गेलाच असाल. लहानपणी आम्हाला ती बदके एकामागे एक चालताना दिसत. काही ठिकाणी फरशीचे तुकडे निखळले आहेत. आमची गोष्ट अशी, की ५०० वर्षे भिंतीवर उभी राहून तहानलेली बदके रात्री खाली उतरतात, सूरजकुंडावर पाणी पितात आणि उजाडायच्या आत जागेवर जातात. एक पिल्लू मात्र मागे राहते. म्हणून भिंतीत ती जागा रिकामी.

गोष्ट सांगायला आवाज हवा होता. आमच्या मातोश्री ८१ वर्षांच्या. त्यांना पडद्यावर चालणारे बदक दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे चालतंय की लंगडतंय? बदक असं सरळ जातं का कधी? आधी इकडे झुकतं, मग तिकडे." आणि काठी बाजूला ठेवून, भिंतीला धरून, त्यांनी खोलीत दोन पावले बदकासारखी टाकून दाखवली. आम्ही पाहिले, काढले, आणि बदक चालले.

वर्गातल्या एका मुलाने एक दिवस हसत हसत आपला फोन पुढे केला. आता यंत्राला नुसते सांगितले की ते चित्र काढून, हलवूनही देते. त्याने 'पिवळे बदक चालते आहे' असे लिहिले आणि मिनिटभरात बदक चालू लागले. खोटे कशाला बोलू, ते आमच्या बदकापेक्षा सफाईने चालत होते. दोन दिवस आमचे कामात मन लागेना. शेवटी ते आईला दाखवले. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण हे कुठलं? आपलं तर चपट्या चोचीचं, फरशीवरचं." यंत्र उद्या आपलेही बदक काढील, कोण जाणे. पण कुठले बदक हवे आणि ते कसे झुकते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच यंत्राला सांगता येईल, एवढे आम्हाला पटले.

सरांचे म्हणणे होते, आवाज हिंदीत घ्या, मराठी कोणाला कळणार? म्हणणे गैर नव्हते, पण आम्ही ऐकले नाही. आईची मराठी तरी कुठली शुद्ध? २०० वर्षे लष्करात राहिलेल्या घराची ती मराठी. त्यात 'चाय' आहे, 'सब्जी' आहे. तशीच ठेवली. चित्रपटाला 'ब' श्रेणी मिळाली. 'अ' वर्गातल्या पोरांनी नेली, आणि ती त्यांना शोभली.

आमची नात चार वर्षांची. नोएडाला असते. मराठी समजते, पण बोलत नाही. सुट्टीत आली तेव्हा तिने तो चित्रपट लागोपाठ सहा वेळा पाहिला. मग पणजीला विचारले, "वो छोटा वाला कहाँ रह गया?" पणजी म्हणाल्या, "पाणी पितंय ते. येईल हळूहळू." नात हिंदीत विचारत राहिली, पणजी मराठीत सांगत राहिल्या. दोघींचे काही अडले नाही. आम्हाला आमचे गुण तेव्हा मिळाले.

पालकहो, मूल चित्र काढते म्हणून लगेच महागडा संगणक घेऊ नका. 'ब्लेंडर' नावाची प्रणाली फुकट मिळते. लॅटव्हियासारख्या लहान देशात त्याच प्रणालीवर केलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. आधी वही द्या, आणि थेंब कसा पडतो ते पाहायला वेळ द्या.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा, ही आमच्या वेळेपासूनची रीत आहे. आमचे गुरुजी गणिताचेच होते, तरी त्यांनी तो उंदीर पळू दिला. शक्य झाल्यास यंदा तो तास चित्रकलेकडेच राहू द्यावा. आणि शाळेतला संगणक आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळा मिळाला, तर मुलांना चेंडू उसळवायला शिकवायला आम्ही विनामूल्य येऊ. चौकीदाराला तेवढे आधी सांगून ठेवावे.