स्वखुशीने

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्यांच्या वाट्याला काही कामे आपोआप येतात. निमंत्रणपत्रिकेचे शुद्धलेखन तपासणे, निवृत्त होणाऱ्यांचे मानपत्र लिहिणे, शोकसभेच्या ठरावाचा मसुदा करणे. आम्ही दोघे हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात बरीच वर्षे हे करीत आलो आहोत आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा अभिमानही बाळगीत आलो आहोत. २०२१ च्या फेब्रुवारीत या कामांत आणखी एका कामाची भर पडली. ते होते खेळाडूंच्या हमीपत्राचे.

राज्यातील महाविद्यालये त्या वर्षी १५ फेब्रुवारीला निम्म्या उपस्थितीने उघडली. आमच्या कबड्डीच्या मुलामुलींना वर्गापेक्षा मैदानाची ओढ अधिक होती. अकरा महिने मैदानावर गवत वाढले होते. मुलांनी ते स्वतः काढायची तयारी दाखवली. परवानगी मिळाली, पण प्रत्येकाने हमीपत्र द्यावे असे ठरले आणि मसुदा आमच्याकडे आला. सोप्या पण पक्क्या मराठीत चार ओळी हव्या होत्या. आम्ही लिहिले, ‘मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर सरावात सहभागी होत असून, त्यातून उद्भवणाऱ्या कोणत्याही आजारास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ खाली खेळाडूची सही, त्याखाली पालकाची सही किंवा अंगठा. टंकलेखनात ‘जवाबदारी’ झाले होते, ते आम्ही तत्परतेने दुरुस्त केले. ‘स्वखुशीने’ हा शब्दही आमचाच. आधी ‘स्वेच्छेने’ असे होते. पालकांना ते जड जाईल म्हणून बदलले. त्या दिवशी आमचे सारे लक्ष शब्द सोपा आहे की नाही याकडे होते. तो खरा आहे की नाही, हे आम्ही पाहिलेच नाही.

सही करायला आलेल्या मुलांकडे पाहिले असते तरी ते कळले असते. आमच्या भागात कबड्डी हा केवळ छंद नसतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धेतले प्राविण्य लागते आणि स्पर्धा झालीच नाही तर प्रमाणपत्र कोठून येणार? आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची पंचविशीची मर्यादा असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. घरी बसून फुगलेले शरीर ते अंतर ठरलेल्या वेळेत कापू शकत नाही. शेतकऱ्याच्या मुलाकडे गहाण ठेवण्यासारखे हे एकच असते, त्याचे शरीर आणि तेही काही ठरावीक वर्षांपुरतेच.

त्यातली विसंगतीही आमच्या डोळ्यांसमोर होती. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे स्वप्न त्या फाटकाच्या आत असते. २०२० च्या एप्रिलअखेरीस मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले जवान बाधित आढळले आणि जिल्ह्यातील सुरुवातीच्या रुग्णांत त्यांचीच संख्या मोठी होती. शरीराच्या बळावर ज्यांनी ती नोकरी मिळवली, तेच आधी आजारी पडले. मुलांनी हे वर्तमानपत्रात वाचले होते. तरीही ती सहीसाठी रांगेत उभी होती.

कबड्डीइतका या रोगाला सोयीचा खेळ शोधून सापडायचा नाही. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ असा घोष करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, तीस सेकंद सात जणांच्या तोंडासमोर श्वास सोडतो आणि पकड झाली तर तेच सात जण त्याच्यावर पडतात. मास्क लावून घोष करता येत नाही, अंतर राखून पकड करता येत नाही. साऱ्या खेळाचा जीव दमात. दम टिकला तर गुण, दम तुटला तर बाद. संयमालाही आपली भाषा ‘दम धरणे’ म्हणते आणि श्वासाच्या आजाराला ‘दमा’.

हे शब्द आम्हांला एका विद्यार्थिनीने जोडून दाखवले. ती उत्तम चढाईपटू होती. हमीपत्राचा कागद घेऊन ती विभागात आली आणि म्हणाली, “मॅडम, माझा दम मी बघीन. पण घरी आजीला दमा आहे, तिचं काय? ह्या कागदावर तिचं नाव कुठंच नाही.” मग थोड्या वेळाने, “तुमची मुलगी असती तर तुम्ही सही केली असती?”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी म्हणालो, “हा तुझा निर्णय आहे. तूच विचार करून ठरव.” शिक्षकाने विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याचा आदर करावा, असे आपण वर्गात शिकवतो. त्या दिवशी त्या आदराच्या आडून आम्ही आपली सुटका करून घेतली. तिला सल्ला हवा होता, निदान सोबत हवी होती. आम्ही तिला स्वातंत्र्य दिले.

हा पेच काही एकट्या हिंगोलीचा नव्हता, हे आम्हांला पुढे वाचनातून कळले. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाने २०२० च्या जूनमध्ये आपल्या फुटबॉलपटूंकडून धोक्याची जाणीव असल्याचे पत्र सही करून घेतले होते. त्याच विद्यापीठातील डॉक्टरांनी कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंची हृदये तपासली, तेव्हा चौघांत हृदयस्नायूच्या दाहाची चिन्हे आढळली. पुढच्या वर्षी ४२ महाविद्यालयांतील ३,०१८ बाधित खेळाडूंची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांत हृदयावर निश्चित वा संभाव्य परिणाम २१ जणांत, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. धोका आधी वाटला त्याहून कितीतरी लहान निघाला. पण ज्यांनी २०२० मध्ये निर्णय घेतला त्यांच्या हाती हे आकडे नव्हते.

फरक दुसरीकडेच होता. २ ऑगस्ट २०२० रोजी तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या फुटबॉलपटूंनी जाहीर निवेदन काढले. संस्थेची जबाबदारी झटकणारे करार आमच्याकडून लिहून घेऊ नका, ही त्यांतली एक मागणी होती. तीनच दिवसांनी तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असे हक्क सोडून देण्याची अट घालण्यास मनाई केली. भीतीपोटी न खेळणाऱ्याची शिष्यवृत्ती जाणार नाही, असेही बजावले. पुढे खेळण्याच्या पात्रतेत एक वर्ष वाढवूनही दिले. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काही जाणार नसेल, तरच ‘हो’ म्हणणारा स्वखुशीने म्हणतो. आमच्या मसुद्यात नेमके तेवढेच नव्हते.

सराव जेमतेम दोन आठवडे चालला. रुग्ण वाढले आणि १ ते ७ मार्च जिल्ह्यात संचारबंदी लागली. गवत पुन्हा वाढले. सही केलेल्यांतला एक मुलगा एप्रिलमध्ये तापाने आजारी पडला. सरावाला तेव्हा महिना उलटून गेला होता, त्यामुळे दोष मैदानाचा नव्हे. तो वाचला, पण कितीतरी महिने जिना चढताना त्याला धाप लागे. १६ मे रोजी कळमनुरीचे राजीव सातव ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा हा आजार म्हाताऱ्यांचा, ही आमच्याकडची समजूतही गेली. शासनाने २०२३ मध्ये भरतीची वयोमर्यादा काही काळ दोन वर्षांनी वाढवली, हे खरे. मात्र शरीराला मुदतवाढ देण्याची तरतूद कोठल्याच शासन निर्णयात नसते. तो मुलगा भरतीत थोडक्या गुणांनी हुकला. आजारामुळे की सराव सुटल्यामुळे, हे त्यालाही सांगता येत नाही.

त्या मुलीने सही केली नाही. आजी सुखरूप राहिली. मैदान बंद म्हणून घरात लग्नाचा विषय निघाला आणि हळद काढून झाल्यावर, त्याच उन्हाळ्यात, मोजक्या माणसांत तिचे लग्न लागले. खेळलेल्याचे गेले ते दिसते. न खेळलेल्याचे काय गेले, ते कोणत्याही वैद्यकीय नोंदीत येत नाही.

आमचा मसुदा मात्र जिवंत आहे. सहलीला, शिबिराला, स्पर्धेला आजही तोच वापरतात, फक्त आजाराच्या जागी ‘अपघात’ घालतात. यंदा तो पुन्हा शुद्धलेखनासाठी आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही ‘स्वखुशीने’ हा शब्द काढला. खाली दोन वाक्येही वाढवली: सहभागी न होणाऱ्या विद्यार्थ्याचे कोणतेही नुकसान केले जाणार नाही, आणि उपक्रमात इजा झाल्यास उपचाराचा खर्च महाविद्यालय करील. कागद कार्यालयात गेला आहे. अजून परत आलेला नाही. आला की तो आधी त्या मुलीला दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे.