जांबच्या राणूबाई

लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, की आमच्या घनसावंगीकडे कुणीतरी हमखास म्हणतं, “नवरदेवाला धरा हो!” मांडवात हशा पिकतो. कारण त्या शब्दासरशी बोहल्यावरून पळालेला मुलगा आमच्याच तालुक्यातल्या जांबचा!

सूर्याजीपंत ठोसरांचा हा नारायण १६०८ साली रामनवमीला जन्मला. परंपरा सांगते, बाराव्या वर्षी तो मांडवातून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप केलं, मग बारा वर्षं तीर्थयात्रा. तो समर्थ रामदास झाला आणि गावाचं नावही जांब समर्थ पडलं.

लग्नानंतर सासूबाई मला दर्शनाला घेऊन गेल्या. मी हात जोडून निघाले, तशा म्हणाल्या, “अगं, राणूबाईंनाही एक नमस्कार कर. चोवीस वर्षं वाट पाहिली त्या माउलीनं.” तेव्हा ‘हो’ म्हटलं इतकंच. त्यांचं म्हणणं उमगलं, ते आमचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा. रोज फोन येतो, तरी जेवताना त्याच्या पाटाकडे लक्ष जातंच. राणूबाईंना तर लेक कुठं आहे, हेही ठाऊक नव्हतं. रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असं म्हणतात. थोरले गंगाधरपंत घरी राहिले, त्यांनी संसार आणि देवपूजा दोन्ही सांभाळली. गावाची ओळख गेलेल्या मुलामुळे झाली खरी, पण घरातला दिवा मागे राहिलेल्यांनी तेवत ठेवला, नाही का?

ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. आमच्या घरी त्या दिवशी कुणाला घास गोड लागला नाही. त्याच वर्षी पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

पण मैत्रिणींनो, दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणायची सवय घरातून गेली, तर ती कुठल्या पोलिसात सांगायची? श्लोक आहेत २०५. सगळे एका दमात नकोत. स्वयंपाक करता करता मुलांकडून रोज दोन म्हणवून घ्या. आणि समर्थांची गोष्ट सांगाल, तेव्हा ‘सावधान’पाशी थांबू नका. त्यांच्या आईचं नाव राणूबाई होतं, हेही सांगा.