हसविणाऱ्याचे खाते

एकत्र कुटुंबात एक तरी माणूस असा असतो की, तो बैठकीत आला म्हणजे बसलेल्यांची बसण्याची रीत बदलते. भिंतीला टेकलेले सावरून बसतात, मुले खेळ सोडून जवळ सरकतात, आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी हात पुसत दारापर्यंत येऊन उभे राहते. वऱ्हाडाची गाडी असो, तीर्थयात्रेची बस असो किंवा नव्या सुनेच्या माहेरचे पाहुणे येणार असोत, या माणसाचे नाव आधी विचारले जाते. खर्च, मुक्काम, गाडीभाडे हे सारे दुसरे कोणी ठरवितात; मात्र तो येणार नाही असे कळले की निम्म्या मंडळींचा उत्साह ओसरतो.

अशा माणसाविषयी घरात दोन वाक्ये नेहमी बोलली जातात. पहिले कौतुकाचे, चारचौघांत: "हा आहे म्हणून घर हसते." दुसरे हलक्या आवाजात, बहुधा त्याच्या पाठीमागे: "याने थोडे मनावर घेतले असते, तर कुठल्या कुठे गेला असता." ही दोन्ही वाक्ये एकाच स्वभावाविषयी आहेत, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा मानवी स्वभावाच्या प्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विचारांच्या आधारे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी स्वभावाचे १६ प्रकार मांडले. त्यांपैकी एकाला 'रंजन करणारा' असे नाव पुढे रूढ झाले. माणसांच्या सहवासात ज्याला बळ येते, जे डोळ्यांपुढे आहे त्यात जो रमतो, निर्णय घेताना समोरच्याचे मन आधी पाहतो आणि ठरलेल्या बेतापेक्षा आलेल्या क्षणाला अधिक मान देतो, तो या प्रकारात मोडतो. हे १६ कप्पे शास्त्राच्या कसोटीवर पुरते उतरत नाहीत, असा आक्षेप अनेक मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. आणि जिवंत माणूस एका कप्प्यात मावत नाही, हे शास्त्राखेरीजही कळते. तरी या वर्णनाचा एक उपयोग आहे. ज्या मुळातून या माणसाचे गुण येतात त्याच मुळातून त्याच्या उणिवाही येतात, हे त्यावरून ध्यानात येते.

तालुक्याच्या गावातील एका कापड दुकानाची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. दुकान तीन भावांचे. थोरले गादीवर बसत आणि वह्या पाहत. धाकटा सुरत व इचलकरंजीची खरेदी सांभाळी. मधल्याकडे गिऱ्हाईक होते. लग्नाच्या बस्त्याला आठदहा माणसे दुकानात शिरली की, पैसे कोणाच्या खिशात आहेत आणि मन कोणाचे राखायचे आहे, हे त्याला क्षणभरात उमगे. नवरीची आई आणि आत्या शालूच्या रंगावरून अडून बसल्या, तर तो असे काही बोले की दोघींना हसू फुटे, आणि हसता हसता तिसराच रंग पसंत होई. कोणाच्या मुलीला कोठे दिले, कोणाच्या वडिलांचे मोतीबिंदूचे काम झाले, हे सारे त्याच्या स्मरणात असे. दुकानाने जाहिरात अशी कधी केली नाही. तिची गरजही पडली नाही.

त्याचा खरा गुण विनोदाच्या पलीकडे होता. घरात मृत्यू घडलेला एखादा शेतकरी पांढरे कापड घेण्यासाठी पायरी चढे, तेव्हा हाच माणूस एक शब्दही बोलत नसे. मुकाट्याने कापड मोजून देई, पाणी आणवी आणि त्याच्यासोबत रस्त्यापर्यंत जाई. चेहरे वाचता येतात म्हणूनच त्याला हसविता येत होते, आणि त्याच कारणाने गप्पही राहता येत होते. केवळ वाचाळ माणसात आणि या माणसात हा फरक असतो.

परंतु चेहरा वाचणाऱ्याला समोरचा उतरलेला चेहरा सहन होत नाही. अडचण तेथून सुरू झाली. एका वर्षी पावसाने दगा दिला. खेडोपाडीची उधारी थकली. माणसे याच्या ओळखीची, म्हणून वसुलीसाठी यालाच पाठविले. तो सकाळी मोटारसायकलवर निघे आणि दिवेलागणीला परत येई. सोबत सीताफळांची एक पाटी असे आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या एखाद्या कार्याचे आमंत्रण असे. पैसे नसत. ज्याच्या ओट्यावर चहा घेतला, ज्याच्या नातवाला मांडीवर घेतले, त्याच्यापुढे रकमेचा आकडा उच्चारणे त्याला जमत नसे. उलट त्याच ओट्यावर बसून तो नव्या उधारीला होकार देऊन येई.

दिवाळीत वहीपूजनाच्या आधी बाकीचा आकडा काढला तेव्हा थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गावोगाव हिंडू लागले. त्यांनी मागितले, काहींना चार शब्द सुनावले, आणि पैसे आणले. हळूहळू पंचक्रोशीत बोलले जाऊ लागले की, मधले शेठ देवमाणूस आहेत, थोरले मात्र फार कडक. मधल्याच्या प्रेमळपणाची किंमत थोरल्यांच्या नावावर पडत होती, आणि हे नावे टाकणे कोणत्याच वहीत दिसत नव्हते.

एका रात्री जेवताना थोरले म्हणाले, "दुकान हसण्यावर चालत नाही." मधल्याने ते वाक्य हसण्यावारी नेले. दोन दिवसांनी मुलांच्या घोळक्यात त्याने थोरल्यांची हुबेहूब नक्कल केली: चष्मा नाकावर आणून वही चाळणे, खाकरणे, आणि तेच वाक्य. मुले लोटपोट झाली. थोरले दाराआड उभे होते. त्यानंतर कित्येक महिने दोघे भाऊ एका छपराखाली बसून नोकराच्या मार्फत एकमेकांशी बोलत राहिले. दुकान वाटून घेण्याची भाषा प्रथम याच काळात कानी येऊ लागली.

टीका सोसत नाही, नको असलेली गोष्ट उद्यावर ढकलली जाते, आणि लागलेला घाव विनोदाच्या आड लपविला जातो. अशा स्वभावाच्या माणसाला सांभाळाव्या लागणाऱ्या या तीन जागा. याखेरीज एक गोष्ट बाहेर कोणाला दिसत नाही. दिवसभर दुकान हसते ठेवणारा हा माणूस घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राही. जगाच्या वाट्याला त्याचे हास्य येई. त्याच्या पत्नीच्या वाट्याला त्याचे मौन. आणि नात्यातल्या बायका तिला म्हणत, "तुमच्या घरी काय, रोजच करमणूक!"

मराठी वाचकाला येथे पु. ल. देशपांडे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९१९ साली जन्मलेल्या या लेखकाने लेखन, संगीत, अभिनय, नभोवाणी, दूरचित्रवाणी अशा किती क्षेत्रांत संचार केला! १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका ही सारी कामे त्यांचीच होती. 'बटाट्याची चाळ' ते रंगमंचावर एकट्याने उभी करीत. महाराष्ट्राने त्यांना जीव लावला. मात्र त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'आहे मनोहर तरी' या पुस्तकात त्या संसाराची दुसरी बाजूही निर्भीडपणे मांडली. व्यवहार पाहणे, वेळ पाळणे आणि पाळावयास लावणे, नकार देणे, ही लोकप्रियतेला मारक असणारी कामे त्यांनी अंगावर घेतली, आणि कठोर म्हणून ओळखल्या जाण्याचे ओझेही उचलले. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. एकाने हसविले आणि दुसऱ्याने हिशेब राखला, म्हणून ते धन इतरांच्या उपयोगी पडू शकले. सुनीताबाईंनी लिहिले नसते, तर त्या हिशेबामागचे कष्ट कोणाच्या गणतीत आले नसते.

जैन विचाराने या विषयाकडे फार बारकाईने पाहिले आहे. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांसोबत जे नऊ नोकषाय सांगितले, त्यांत पहिले नाव हास्याचे आहे. सत्यव्रत स्थिर राहावे म्हणून ज्या पाच भावना सांगितल्या, त्यांत क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग आहे, आणि पाचवी भावना विचारपूर्वक बोलण्याची आहे. माणूस रागाने खोटे बोलतो, लोभाने बोलतो, भीतीने बोलतो. तसाच तो थट्टेच्या भरातही बोलतो, हे मनुष्यस्वभावाचे निरीक्षण किती अचूक आहे! अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांत कंदर्प म्हणजे असभ्य थट्टा, कौत्कुच्य म्हणजे अंगविक्षेपांसह केलेली थट्टा, आणि मौखर्य म्हणजे निरर्थक बडबड, यांची वेगवेगळी नोंद आहे. या शिकवणीचा अर्थ घरात हसू नये असा कोणी घेत नाही. ज्या वस्तूत शक्ती आहे तिचे वजन करून ती वापरावी, एवढा बोध गृहस्थाला पुरेसा आहे.

त्या तीन भावांच्या घरी संवत्सरीचा दिवस आला. क्षमापनेच्या वेळी मधला थोरल्यांसमोर उभा राहिला. सर्वांना वाटले, हा आता काहीतरी बोलून हसवील आणि प्रसंग निभावून नेईल. त्याने तसे केले नाही. "दादा, मुलांसमोर मी तुमची नक्कल केली, त्याबद्दल," असे प्रसंगाचे नाव घेऊन त्याने हात जोडले. सर्वसाधारण क्षमा मागणे सोपे असते; नेमक्या गोष्टीची मागणे त्याच्यासारख्याला फार जड. थोरल्यांनी त्याचे हात धरले आणि म्हणाले, "तू आणलेले गिऱ्हाईक मी कधी वहीत लिहिले नाही, हेही तितकेच चुकले."

पुढचा मार्ग त्यांच्या वृद्ध आत्यांनी सुचविला. वसुलीला दोघांनी मिळून जावे. बोलणे मधल्याने करावे, वही थोरल्यांच्या हाती असावी. मात्र ओट्यावर बसल्यावर चहा येण्यापूर्वी आकडा मधल्याच्याच तोंडून निघाला पाहिजे. नवी उधारी थोरल्यांच्या सहीच्या चिठ्ठीखेरीज द्यावयाची नाही. आणि मधल्याने रोज एक सामायिक करावे. सामायिकाची ती ४८ मिनिटे अशी, की ज्यांत समोर श्रोता नसतो, कोणाचा चेहरा वाचावयाचा नसतो, कोणाला खूश करावयाचे नसते. आरंभी त्याला ती मिनिटे घाण्याच्या बैलासारखी वाटली. पुढे पुढे त्याच्या पत्नीच्या लक्षात आले की, घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजत नाही. दुकानात दिवस कसा गेला ते सांगतो, आणि वाईट गेला असेल तर तेही सांगतो.

सारे सुरळीत झाले असे नाही. काही रकमा बुडाल्या त्या बुडाल्याच. आकडा उच्चारताना मधल्याचा आवाज अजूनही खाली जातो, आणि थोरल्यांना अजूनही मधूनच तो जुना राग येतो. पण दुकान वाटले गेले नाही. मधल्याला आता घरातील महत्त्वाच्या बोलण्यात बसवून घेतात, आणि तो गप्प असला तर "आज काय झाले?" असे विचारणारे एक तरी माणूस घरात असते. घरोघरी असलेल्या अशा माणसांना हसण्यापलीकडेही कोणी काही विचारावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती ते बोलून दाखवीत नाहीत इतकेच.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. वसुलीच्या एका फेरीत एका वृद्ध शेतकऱ्याने जुनी बाकी चुकती केली, आणि नातीच्या लग्नाची पत्रिका पुढे केली. मधल्याने सवयीने हात पुढे केला. शेतकऱ्याने पत्रिका त्याच्या हाती न देता थोरल्यांकडे वळविली. तिच्यावर हळदीकुंकवाच्या बोटाखाली थोरल्यांचे नाव लिहिलेले होते.